मरण उरकून घेतलेला माणूस

माझे धाकटे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांचा दिवस उंच इमारतींच्या पोटात जायचा. कधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, कधी लिफ्टच्या टपावर उभं राहून, कधी तळाच्या तेलकट खड्ड्यात. असं काम करणारा माणूस धीट असेल असं कोणालाही वाटेल. मामा आयुष्यभर भीत आले. लिफ्टला नाही. लिफ्ट कशी चालते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना भीती होती मरणाची, आणि ते कसं चालतं हे त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

त्यांच्या भीतीला शिस्त होती. बोलता बोलता उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर जायची आणि नाडी मोजायला लागायची. समोरचा आपलं बोलत राहायचा, मामा अधूनमधून मान हलवायचे, आत मोजणी चालू. घरात रक्तदाब बघायची दोन यंत्रं होती. एकावर विश्वास बसला नाही तर दुसरं. कोणी गेल्याचं कळलं की नेमकी त्या दिवशी त्यांची कंबर धरायची, त्यामुळे नात्यातल्या कुठल्याच अंत्ययात्रेत मामा दिसले नाहीत. वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान मामी सकाळीच काढून घ्यायची आणि त्यावर भाजी निवडायची.

या भीतीपायी घरात बरंच काही पुढे ढकललेलं होतं. लग्नात आलेल्या निळ्या काठाच्या ताटल्या काचेच्या कपाटात होत्या, तशाच. शिवून घेतलेला सूट डांबराच्या गोळ्यांच्या वासात टांगलेला होता, तसाच. मुलगा दूर नोकरीला होता, या म्हणून फोन करायचा; पण विमानात बसावं लागलं असतं. जपून राहिलं की जास्त दिवस राहता येतं, असं मामांचं म्हणणं होतं. कशासाठी राहायचं, याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

आणि एक दुखणं होतं. माझे आजोबा गेले ते रात्री. घरात दोघंही भाऊ होते. थोरल्या मामांनी धाकट्यांना उठवलंच नाही. सकाळी मामा दात घासत बाहेर आले तर अंगणात माणसं जमलेली. का नाही उठवलंस, असं त्यांनी विचारलं तेव्हा थोरले मामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तू घाबरतोस. म्हटलं झोपू दे." त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. माझी आई, म्हणजे त्यांची बहीण, दोघांमध्ये निरोप पोचवता पोचवता म्हातारी झाली. दोघं एकाच शहरात राहायचे, दहा मिनिटांच्या अंतरावर.

मामा निवृत्तीला आलेले असताना त्यांना एका आठ मजली इमारतीत बोलावलं गेलं. सकाळपासून लिफ्ट मधेच थांबत होती. मामांनी दुरुस्ती केली, आणि नेहमीप्रमाणे एकदा स्वतः वर जाऊन बघायचं ठरवलं. खाली लोक ताटकळत होते. आत कोणी येईना. तेवढ्यात भगव्या कपड्यातले एक बारीक चणीचे स्वामी पुढे आले. आठव्या मजल्यावर त्यांचा एक भक्त राहत होता, त्याच्याकडे ते उतरले होते. गुडघे दुखतात, जिना नको, मी येतो तुमच्याबरोबर, असं म्हणून ते सरळ आत शिरले.

पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे वीज गेली. हा लिफ्टचा दोष नव्हता, सगळ्या भागातलीच गेली होती. मामा हे पुढे कितीतरी वर्षं प्रत्येकाला सांगत. आतला छोटा दिवा लागला. मामांनी कंपनीत फोन केला. वर जाऊन हाताने लिफ्ट हलवायला दुसरा माणूस यायला हवा होता, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता.

मामांची बोटं मनगटावर गेली. लिफ्ट पडणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण बंद जागेत आपल्या छातीचं काय होईल ते त्यांना माहीत नव्हतं. स्वामी खाली पाय पसरून बसले आणि वर काय काय असतं, असं विचारू लागले. मामांनी सांगितलं: तारेचे दोर, मोठी चाकं, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. आपण वर जातो तेव्हा ते खाली येतं. स्वामींना हे फार आवडलं. आपण इतकी वर्षं वर जात होतो आणि कोणीतरी खाली येत होतं, हे आपल्याला कळलंच नाही, म्हणाले.

मामांनी खिशातली पेपरमिंटची गोळी त्यांना दिली. ती स्वामींनी शेवटपर्यंत मन लावून चघळली. मग म्हणाले, दुसरी आहे का?

मामांनी दुसरी दिली आणि न राहवून विचारलं, "महाराज, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची?"

"मरायची."

"ते झालं माझं," स्वामी म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

मामांचं मोजणं चुकलं. स्वामींनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि सांगितलं की संन्यास घेताना आधी स्वतःचं श्राद्ध करावं लागतं. आईबापांचं करतात तसंच, फक्त नाव आपलं. तिथे तो जुना माणूस संपतो. त्याची घरं, भांडणं, मानपान सगळं त्याच्याबरोबर जातं. मग पाण्यात उभं राहून सगळ्या जिवांना सांगायचं, की आता माझ्याकडून तुम्हाला भय नाही.

"आणि त्यांच्याकडून आपल्याला?" मामांनी विचारलं.

"ते ज्याचं त्याने बघावं," स्वामी म्हणाले. "पण गेलेल्या माणसाचं बिघडवणार काय? त्यानंतर जो दिवस मिळतो तो वरचा. दुकानदार वजन करून झाल्यावर मूठभर वर टाकतो ना, तसा. त्याला कोणी नावं ठेवतं का?"

लिफ्ट हलायला तासभर लागला. बाहेर पडेपर्यंत मामांनी आपल्यालाही तसं करता येईल का, असं विचारून घेतलं होतं. स्वामींनी स्पष्ट नाही म्हटलं. तो विधी घर सोडणाऱ्याचा, तुम्हाला घर आहे, बायको आहे, गपचूप घरी जा. मामांचा चेहरा पडला असावा, कारण दारातून बाहेर पडता पडता स्वामी थांबले. विधी राहू दे, म्हणाले, पण आज आपण गेलो असतो तर काय काय राहिलं असतं ते बघा, आणि तेवढं करून टाका. गेलोच आहोत असं समजून करा. मग घरी बसून चहा प्या.

मामा यंत्रांतले माणूस. त्यांना सूचना मिळाली की ती ते अक्षरशः पाळत. त्यांनी रविवार ठरवला. दुपारी जेवताना त्यांनी मामीला सांगितलं की आजपासून मला गेलेला समज.

मामीने वाढता वाढता विचारलं, "आज?"

"आज."

"मग संध्याकाळी माझ्या बहिणीकडे कोण येणार आहे माझ्याबरोबर?"

मामा म्हणाले, मी येतो. मामी बरं म्हणाली आणि त्यांना आणखी भात वाढला.

हे सगळं मला मामीनेच सांगितलं. तिला आधी गंमत वाटली होती. माणूस निवृत्त व्हायला आला की काहीतरी खूळ घेतो, कोणी मासे पाळतो, कोणी बागेत जाऊन जोरात हसतो, त्यातलाच हा प्रकार, असं तिला वाटलं. पण जेवण झाल्यावर मामांनी कपाट उघडलं आणि कपडे काढायला सुरुवात केली. गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाकतात, म्हणून त्यांनी वाटायचे ठरवले. सूट शेजारच्या मास्तरांना बसला, त्यांना देऊन टाकला. रक्तदाबाचं एक यंत्र दवाखान्यात नेऊन दिलं. दुसरं ठेवलं, कारण मामीने ते हातातून काढून घेतलं आणि सांगितलं की गेलात तरी रोजची गोळी चुकवायची नाही. निळ्या काठाच्या ताटल्या त्यांनी कपाटातून काढून ओट्यावर ठेवल्या आणि आता यातच जेवायचं म्हणाले. तेव्हा मात्र मामी खाली बसली.

"मेलो म्हणणं सोपं आहे तुम्हाला," ती म्हणाली. "मागे राहते ती मी. मला विचारलंत का?"

मामा ताटली हातात धरून उभेच राहिले.  मग त्यांनी विचारलं की मी खरंच आज गेलो असतो तर तुझं काय राहिलं असतं? मामी म्हणाली, होडी. लग्न झाल्या वर्षी ते दोघं एका तळ्याकाठी गेले होते. बाकीची जोडपी होड्यांत बसली आणि मामा काठावर सगळ्यांचे कोट सांभाळत उभे राहिले, कारण त्यांना पाण्याची भीती. मामी त्यांच्याशेजारी उभी राहिली. ती त्यानंतर याबद्दल कधी बोलली नव्हती. मामांना तो दिवस आठवतसुद्धा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. शिकणाऱ्यांत त्यांच्यानंतरचा सर्वांत मोठा विद्यार्थी तिसरीत होता. मामा दंडाला हवेच्या पिशव्या बांधून कडेचा दांडा धरून पाय मारायचे, आणि शिकवणारी मुलगी काठावरून ओरडायची, आजोबा, दांडा सोडा. ते सोडायला त्यांना उन्हाळाभर लागला. त्यांच्या कंपनीत ही बातमी पोचलीच, आणि तिथे त्यांचं नाव कैलासवासी पडलं. कैलासवासी, चौथ्या मजल्यावरचं दार लागत नाहीये, जरा बघता? मामा बघायचे. नावाचा त्यांना राग येत नव्हता. राग धरणारा माणूस त्या रविवारीच गेला, असं ते म्हणायचे. मामी मागून म्हणायची, अर्धाच गेला.

होडीत ते दोघं बसले. तळं तेच होतं. मामा संपूर्ण वेळ होडीची कड घट्ट धरून होते आणि पोहता येत असूनही चेहऱ्याचा रंग उडालेला होता. मामीने हात पाण्यात सोडला होता. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? मामी म्हणाली, चाळीस वर्षं वाट बघण्याइतकं काही नव्हतं, पण बरं वाटलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले.

थोरल्या मामांकडे जायला मात्र त्यांना वर्ष लागलं. कपडे वाटणं, पाण्यात उतरणं हे सगळं त्या मानाने सोपं गेलं. एका सकाळी ते कामाच्याच कपड्यांत निघाले आणि भावाच्या दारात जाऊन उभे राहिले. थोरले मामा शाळेत मुख्याध्यापक होते, निवृत्त होऊनही आवाज तसाच. ते पायरीवर बसून बूट पुसत होते. त्यांनी वर बघितलं आणि बायकोला, म्हणजे थोरल्या मामींना, चहा टाकायला सांगितलं. जणू मधली वर्षं गेलीच नव्हती.

मामा पायरीवर बसले.  चहा यायच्या आधीच ते म्हणाले, "दादा, मी भांडायला नाही आलो. मला एवढंच कळू दे, बाबांना त्रास झाला का? तू होतास जवळ."

थोरले मामा बूट पुसतच राहिले. एक बूट झाला तरी तोच पुसत राहिले.

"मी नव्हतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्यांचा श्वास लागला तसा मी बाहेर आलो. पायरीवर बसलो. आत जायचं, जायचं म्हणत होतो. मग आवाज थांबला." बूट त्यांनी खाली ठेवला. "तुला उठवलं असतं तर तू मला बाहेर बसलेलं बघितलं असतंस."

मामांनी मला हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की त्यांना राग यायला हवा होता, ते वाटही बघत होते, पण आला नाही. इतकी वर्षं त्यांनी जो भाऊ मनात धरून ठेवला होता, वडिलांच्या उशाशी ताठ बसलेला, तो कधी नव्हताच. एकाच घरात दोन घाबरट मुलं होती. एक आत झोपलेलं आणि एक बाहेर बसलेलं. मामांनी काय केलं, तर दुसरा बूट उचलला आणि पुसायला घेतला. चहा आला. थोरल्या मामींनी दोघांकडे बघितलं आणि बिस्किटांचा डबा आणायला आत गेल्या.

त्यानंतर ते दर आठवड्याला भेटायचे. बोलणं फारसं नसायचं. थोरले मामा वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे, मामा त्यांच्या घरातल्या खुर्च्यांचे स्क्रू पिळायचे. माझ्या आईला तर कामच उरलं नाही. निरोप पोचवायला कोणी सांगत नाही म्हणून ती काही दिवस चिडलेली होती.

चारेक वर्षांनी थोरल्या मामांच्या फुप्फुसांत दोष निघाला. उपचार झाले, थोडे दिवस बरे गेले, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. खिडकीजवळ पलंग लावला. मामा तोवर निवृत्त झाले होते. ते रोज सकाळी जायचे आणि संध्याकाळी यायचे. जो माणूस कोणाच्या अंत्ययात्रेला जात नसे तो रोज मरणाच्या खोलीत जाऊन बसतो आहे, हे आम्ही सगळे बघत होतो. ते भावाची दाढी करायचे, पाठीला पावडर लावायचे, उशी सरळ करायचे. मी एकदा गेले तेव्हा त्यांची बोटं मनगटावर होती. जवळ गेल्यावर दिसलं की मनगट भावाचं होतं.

शेवटच्या आठवड्यात थोरले मामा एकदा नीट जागे झाले. मी तिथेच होते. त्यांनी धाकट्या भावाकडे बराच वेळ बघितलं.

"तू गेलेला आहेस ना?" त्यांनी विचारलं. "कसं असतं रे?"

मामा खरं बोलणारे होते. ते म्हणाले, "मला काही कळलं नाही, दादा. मी जेवत होतो."

थोरल्या मामांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून पुन्हा हसू. थोरल्या मामी घाईघाईने पाणी घेऊन आल्या. शांत झाल्यावर ते म्हणाले, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," मामा म्हणाले. "पण मी कुठे जात नाही."

थोरले मामा गेले ते एका दुपारी. श्वास बदलला तसं मामांनी ओळखलं. त्यांनी स्वयंपाकघरातून थोरल्या मामींना बोलावलं, माझ्या आईला बोलावलं, फोनवर बोलत पायरीवर उभ्या असलेल्या मलाही बोलावलं. सगळे आत या, म्हणाले. दार उघडंच ठेवा. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, कामावर माणसांना इकडे धर, तिकडे धर म्हणताना असायचा तसा. मी त्याआधी कोणाला जाताना बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं तसं काही नव्हतं. श्वासांमधली जागा वाढत गेली आणि मग नुसती जागाच राहिली. मामांनी हात सोडला नाही. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कोणीतरी, येऊ दे, येऊ दे, म्हणत होता.

अंत्ययात्रेला मामा सर्वांत पुढे होते. कंबर धरली नाही. पण त्यानंतर ते कोसळले. जेवायचे नाहीत, नुसते गॅलरीत बसून राहायचे, मधेच रडायचे. त्यांना दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती. आपण तर गेलेले आहोत, मग हे काय, असं ते मामीला विचारायचे. मामीने शेवटी त्या स्वामींचा पत्ता शोधून काढला आणि मला त्यांना घेऊन जायला सांगितलं.

स्वामी आता म्हातारे झाले होते आणि आजारी होते. आम्ही गेलो तेव्हा ते औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायच्या खटपटीत होते. मामांनी आधी त्याबद्दलच विचारलं: तुम्ही गेलेले, मग औषध कशाला? स्वामी म्हणाले, गेलेल्याने औषध घेऊ नये असं मला कोणी सांगितलेलं नाही. शिवाय यंदा इथल्या पेरूला पहिल्यांदाच फळ धरलं आहे, ते खायचं आहे.

मग मामांनी आपलं सांगितलं. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या आश्रमात कुत्रा होता," ते म्हणाले. "तो गेला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी जेवलो."

मामा आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबले होते. स्वामींनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि वाचून दाखवायला सांगितलं. मामांनी वाचलं: जेवणानंतर, दिवसातून दोनदा, बाटली हलवून.  परतताना अर्ध्या वाटेत मामा मला म्हणाले, कुठेतरी थांबव, भूक लागली आहे.

मामा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पोहणं चालू आहे. मुलाकडे ते विमानाने जाऊन आले आणि खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून मामीशी भांडले. भीती गेलेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. रात्री कधी छातीत धडधडलं की उठून बसतात, मामीला हाक मारतात, ती दिवा लावते, दोघं थोडा वेळ बोलतात आणि झोपतात.

मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा घर रंगवायला काढलं होतं. सामान मधोमध ओढून त्यावर चादरी टाकल्या होत्या, आणि मामा रंगाऱ्याबरोबर भिंतीवर लावलेले पिवळ्या रंगाचे पट्टे बघत होते. मामीला फिकट हवा होता. रंगारी म्हणाला की हा चांगल्यातला आहे, दहा वर्षं हात लावायला नको, पण ऊन लागून जरा उतरेल.

मामांनी डोकं वाकडं करून पट्ट्यांकडे बघितलं. "मग एक छटा गडदच लावा," ते म्हणाले. "उतरला की हिला हवा तसा होईल."